झोजोजीचं महाद्वार : एका छापचित्राचं प्रकरण

लाल रंगाचं भलं थोरलं महाद्वार. त्याच्या पुढ्यात पाइनचं झाड, फांद्या बर्फाने लवलेल्या. वारा बोचरा असावा, कारण बर्फ सरळ पडत नाही, तिरपा येतोय. आणि त्या तिरप्या माऱ्यातून एक बाई चालली आहे. छत्री तिने वाऱ्याच्या तोंडावर इतकी वाकवून धरली आहे की तिचा चेहरा आपल्याला दिसतच नाही.

जपानी चित्रकार कावासे हासुईचं 'शिबा इथलं झोजोजी' हे छापचित्र १९२५ सालचं. शिबा हा तोक्योचा एक भाग, झोजोजी तिथलं बौद्ध मंदिर. लाकडी ठोकळ्यांवरून छापलेलं, वहीच्या दोन पानांएवढं, साधारण ३६ बाय २४ सेंटिमीटर. त्याच्या सुमारे ३,००० प्रती खपल्या. हासुईने आयुष्यात सहाशेच्या वर छापचित्रं केली, पण खपाच्या बाबतीत याच चित्राचं नाव पहिलं घेतात. लाकडी ठोकळा, हाताने रंग आणि हाताने दाब, अशा पद्धतीत तीन हजार प्रती म्हणजे किती श्रम, याचा हिशोब पुढे येईलच. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. हे चित्र निघायच्या दीड-दोन वर्षं आधी त्याच्या चित्रकाराकडे आणि प्रकाशकाकडे काहीही उरलेलं नव्हतं. होतं नव्हतं ते जळून गेलं होतं. अशा वेळी या दोघांनी बर्फातलं एक दार निवडलं आणि लोकांनी ते उचलून धरलं. हे कसं झालं, ते नीट उलगडून बघण्यासारखं आहे.

बियाणंच जळालं

१ सप्टेंबर १९२३, शनिवार. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं कमी. तोक्यो आणि योकोहामाच्या परिसरात ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. जेवणाची वेळ, घरोघरी चुली पेटलेल्या, घरं लाकडाची, त्यात जोराचा वारा. भूकंपाने जेवढं पाडलं त्याहून कितीतरी जास्त आगीने नेलं. एक लाखाच्या वर माणसं गेली.

वातानाबे शोझाबुरो हा प्रकाशक तेव्हा अडतीस वर्षांचा होता. जुन्या उकियो-ए छापचित्रांची परंपरा त्याच्या डोळ्यांदेखत विझत चालली होती. फोटो आणि यंत्राची छपाई आल्यावर हाताने कोरलेल्या ठोकळ्याला कोण विचारणार? पण वातानाबेने जिद्द धरली. नवे चित्रकार गाठायचे, जुने कसबी कोरणारे आणि छापणारे हाताशी धरायचे आणि आजची चित्रं काढायची. या चळवळीला 'शिन हांगा', म्हणजे नवी छापचित्रं, असं नाव पडलं. चित्रकार इतो शिनसुईने केलेली ओमी प्रांतातली, बिवा सरोवराकाठची आठ दृश्यं बघून १९१८ साली हासुई या वाटेला आला आणि वातानाबेसाठी काम करू लागला. पाच वर्षांत दोघांची चांगली गाडी जमली होती.

भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेचं दुकान गेलं, छापून ठेवलेला माल गेला आणि ठोकळे गेले. यातलं ठोकळ्यांचं दुखणं समजून घ्यायला हवं. या धंद्यात चित्रकाराला रेखाटनाचे पैसे मिळतात. ठोकळे प्रकाशकाच्या मालकीचे असतात. मागणी आली की तेच ठोकळे काढायचे, ओल्या कागदावर पुन्हा छापायचं. शेतकऱ्याने पुढच्या पेरणीसाठी कणगीत राखून ठेवलेल्या बियाण्यासारखे हे ठोकळे. दुकान पुन्हा उभं करता येतं, पण बियाणंच जळालं की पुढची अनेक वर्षं गेली. भूकंपापूर्वीची हासुईची चित्रं आज इतकी दुर्मीळ आहेत याचं कारण हेच: नव्या प्रती काढायला मूळ लाकूडच उरलं नाही.

हासुईचं घर गेलं. घराबरोबर रेखाटनांच्या १८८ वह्या गेल्या. निसर्गचित्रं करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही रेखाटनं म्हणजे त्याचे डोळे. वर्षानुवर्षं गावोगाव पायपीट करून, पावसात, बर्फात उभं राहून जमवलेलं सगळं. तो तेव्हा चाळिशीचा होता. आधीच या क्षेत्रात उशिरा आलेला. घरचा धंदा रेशमी गोंड्या-दोऱ्यांचा. थोरला मुलगा म्हणून तो त्याच्यावर आला होता, आणि काबुराकी कियोकाता या गुरूने सुरुवातीला 'वय उलटलं' म्हणून त्याला परत पाठवलं होतं. सत्ताविसाव्या वर्षी अखेर शिष्य म्हणून प्रवेश मिळाला. अशा माणसाने चाळिशीत पुन्हा कोऱ्या वहीपासून सुरुवात करायची.

वातानाबेने त्याला प्रवासाला धाडलं. हासुई १०२ दिवस फिरला, जपानच्या पश्चिम भागात, आणि नव्या वह्या भरून आला. त्या प्रवासातून एक मालिका निघाली. आणि १९२५ पासून, परतून आपल्याच जळलेल्या शहरावर, 'तोक्योची वीस दृश्यं'. झोजोजी त्यातलंच.

कुठलं दार?

झोजोजी हे अमिताभ बुद्धाची उपासना करणाऱ्या जोदो पंथाचं मोठं मंदिर. या पंथाची साधना म्हणजे नामस्मरण: 'नमु अमिदा बुत्सु'. मराठी कानाला त्यातलं 'नमो' आणि 'बुद्ध' लगेच ओळखू येतं. मंदिर स्थापन झालं १३९३ साली. तोकुगावा इएयासूच्या काळात, १५९८ मध्ये, ते शिबा भागात आलं आणि तोकुगावा घराण्याचं झालं. त्या घराण्याचे सहा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ते, इथे पुरलेले आहेत.

चित्रातलं महाद्वार १६२२ सालचं. नाव 'सांगेदात्सुमोन', म्हणजे तीन गोष्टींतून सुटका करणारं दार. त्या तीन गोष्टी आपल्याला परक्या नाहीत: लोभ, द्वेष आणि मोह. या दाराखालून गेलं की त्या मागे राहतात, अशी श्रद्धा. वरच्या मजल्यावर शाक्यमुनी बुद्ध आणि सोळा अर्हतांच्या मूर्ती आहेत. उंची एकवीस मीटर, म्हणजे जवळपास सात मजली इमारत.

हासुईचा जन्म शिबाचा. म्हणजे हे दार त्याच्या ओळखीचं. प्रवासातून दूरदूरची गावं घेऊन आलेला हा माणूस आपल्या शहराच्या मालिकेसाठी लहानपणीच्या वस्तीत परतला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि हे दार भूकंपातून वाचलं होतं.

या मालिकेत १९२६ सालचं आणखी एक चित्र आहे: शिन-ओहाशी पूल, रात्र, पाऊस. सुमिदा नदीवरचा हा लोखंडी पूल भूकंपानंतरच्या आगीत टिकून राहिला. त्यावरून हजारो माणसांचे जीव वाचले आणि लोक त्याला 'तारणारा पूल' म्हणू लागले. आता ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. एक तीनशे वर्षांचं लाकडी दार, एक नव्या जमान्याचा लोखंडी पूल. दोघांत साम्य एकच, ते उभे राहिले. मालिकेत ढिगारे नाहीत, जळके खांब नाहीत. ज्यांनी हे सगळं भोगलं होतं त्यांना ढिगारा काढून दाखवायची काय गरज होती? माझं वाचन असं आहे की त्या काळच्या तोक्योकराने हे लाल दार बघितलं तेव्हा त्याच्या मनात आधी 'सुंदर' आलं नसेल. आधी 'आहे' आलं असेल.

छत्रीआडचा चेहरा

हासुई माणसं फार काढत नाही. काढलीच तर एखादं, लहानसं, आणि बहुतेक वेळा पाठमोरं. पण झोजोजीतली बाई लहान नाही. ती दाराच्या पायथ्याशी ठळक उभी आहे, चित्राचा सगळा तोल तिच्यावर आहे. ती चालते आहे म्हणून दार स्थिर दिसतं. दार स्थिर आहे म्हणून वारा जाणवतो.

तरीही तिचा चेहरा नाही. बायकांचे चेहरे हा जपानी छापचित्रांचा खास विषय. हासुईचा गुरू कियोकाता हा तर सुंदर स्त्रियांच्या चित्रांसाठीच नावाजलेला. चेहरा काढणं हासुईला जड नव्हतं. त्याने तो छत्रीमागे ठेवला. त्यामुळे झालं असं की बाई कोण, कुठे निघाली, घरात कोण वाट बघतंय, हे सगळं बघणाऱ्याकडे आलं. भूकंपात ज्याचं माणूस गेलं त्याने तिथे आपलं माणूस ठेवावं इतकी जागा त्या छत्रीमागे आहे.

पांढरा रंग छापला जात नाही

आता कामाच्या भागाकडे. मला या चित्रातली सगळ्यात अवघड गोष्ट कुठली वाटते, तर बर्फाचे कण. आणि त्याचं कारण ठोकळ्याच्या बाजूने बघितल्याशिवाय कळत नाही.

चित्रकार रेषांचं चित्र पातळ कागदावर करून देतो. ते जपानी डोंगरी चेरीच्या फळीवर उलटं चिकटवतात, आणि कोरणारा रेषा तेवढी उंच ठेवून बाकीचं लाकूड काढत जातो. मूळ रेखाटन त्यात नष्ट होतं. हा रेषांचा मुख्य ठोकळा. त्यावरून काही प्रती काढून चित्रकार त्यांवर रंग कुठे कुठे हवेत ते दाखवतो, आणि मग एकेका रंगासाठी वेगळा ठोकळा कोरला जातो. प्रत्येक फळीच्या कडेला दोन खाचा असतात, एक कोपऱ्यात, एक बाजूला. त्यांना 'केंतो' म्हणतात. कागद दर वेळी त्याच दोन खाचांत बसवायचा. छपाईचं सगळं नेमकेपण या दोन खाचांवर उभं असतं.

पांढरा बर्फ सहसा छापत नाहीत. तो म्हणजे कागदाचा स्वतःचा रंग, उघडा राहिलेला. म्हणजे दाराच्या लाल भिंतीपुढून पडणारा एक कण दाखवायचा, तर लाल रंगाच्या ठोकळ्यावर त्या जागी खळगा हवा. त्याच जागेवरून सावलीचा करडा रंग जात असेल तर करड्याच्या ठोकळ्यावरही बरोब्बर तिथेच खळगा हवा. ज्या ज्या फळीचा रंग त्या कणावरून जाणार, त्या त्या फळीवर तोच खळगा, त्याच आकाराचा. कोरणाऱ्याचा हात जरा चुकला, तर कणाला लाल कड येते.

छापणाऱ्याचं काम यापुढचं. कागद ओला लागतो, सुकला तर रंग धरत नाही. पण ओला कागद ताणतो आणि वाळताना आक्रसतो. एका रंगानंतर दुसऱ्या रंगापर्यंत गठ्ठ्याची ओल कमीजास्त झाली, की कागद केसभर लहान होतो, खाचांत नीट बसूनही कण सरकतात. त्यामुळे छापणारा गठ्ठा ओल्या कागदांत दाबून ठेवतो आणि हाताने चाचपत राहतो. रंग पाण्यातले, तांदळाच्या खळीबरोबर ठोकळ्यावर ब्रशने लावलेले. वरून दाब द्यायला 'बारेन', म्हणजे बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेली चकती, आत बांबूच्याच पापुद्र्याच्या दोरीचं वेटोळं. दाब गोल गोल फिरवत द्यायचा, सगळी ताकद खांद्यातून. आकाश वर गडद आणि खाली फिकं हवं असेल, तर ठोकळ्यावरच ओल्या ब्रशने रंग विरळ करत न्यायचा. याला 'बोकाशी' म्हणतात. ते प्रत्येक प्रतीला नव्याने करायचं. तीन हजारावी प्रतही हातानेच.

म्हणून हासुईची चित्रं म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. सही त्याची आहे, डोळा त्याचा आहे. पण हा बर्फ कोरणाऱ्याने पाडला आहे आणि छापणाऱ्याने तो वितळू दिला नाही. त्यांना एकत्र बांधणारा, पैसा लावणारा आणि 'हा लाल अजून खोल हवा' म्हणून प्रती परत पाठवणारा वातानाबे. हे चौघांचं काम आहे. भूकंपानंतर वातानाबे पुन्हा उभा राहू शकला तो याचमुळे: ठोकळे जळाले, पण हात शिल्लक होते.

एक आक्षेप, तोही खरा

जाणकार मंडळींत एक मत आहे की हासुईची उत्तम चित्रं भूकंपापूर्वीची. त्या काळात तो आणि वातानाबे जास्त धाडसाने प्रयोग करत. बारेनच्या फिरण्याचे ओरखडे मुद्दाम दिसू देत, रंग दबलेले, उदास ठेवत. भूकंपानंतर वातानाबेला धंदा पुन्हा उभा करायचा होता, परदेशी गिऱ्हाइकाला आवडेल असं हवं होतं; रंग उजळ झाले, बर्फ, चांदणं, लाल देवळं वाढली. हा आक्षेप मला नाकारता येत नाही. झोजोजीचं लाल आणि पांढरं हे बाजारात उठून दिसणारंच आहे. पुढे १९३० आणि १९३६ साली अमेरिकेतल्या टोलीडोच्या संग्रहालयात शिन हांगाची मोठी प्रदर्शनं झाली, आणि हासुईचं नाव जपानबाहेर पक्कं झालं.

पण एक गोष्ट या आक्षेपातून निसटते. जळालेल्या दुकानाला उभं राहायचं असेल तर विकलं जाणारं चित्र हवंच असतं. या एका चित्राच्या तीन हजार प्रतींनी कोरणाऱ्या आणि छापणाऱ्या हातांना काम दिलं. ती घरं चालली म्हणून पुढची वीस वर्षं हे कसब चाललं. बाजारासाठी केलं म्हणून चित्र खोटं ठरत नाही. छत्रीआडचा चेहरा बाजारासाठी केला असं कोणी मला पटवून देऊ शकणार नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. या चित्राच्या नंतरच्या काळातही प्रती निघत राहिल्या, म्हणून समोरची प्रत कधीची आहे हे प्रकाशकाच्या शिक्क्यावरून बघतात. वातानाबेचा साधारण ६ मिलिमीटरचा छोटा गोल शिक्का युद्धानंतरच्या काळातला, १९४६ ते १९५७ च्या दरम्यानचा धरला जातो. तो दिसला तर १९२५ ची प्रत म्हणून किंमत मोजू नये. पण ती प्रत वाईट आहे असंही नाही. तीही हातानेच छापलेली आहे.

तेच दार, अठ्ठावीस वर्षांनी

१९४५ च्या हवाई हल्ल्यांत झोजोजीचं मुख्य मंदिर जळालं. तोकुगावांच्या समाधींवरची कोरीव, सोनेरी देवालयं जळाली. दुसरा शोगुन हिदेतादाचं अप्रतिम समाधिमंदिरही त्यात गेलं. महाद्वार मात्र याही वेळी वाचलं.

युद्धानंतर जपान सरकारने पारंपरिक कसब जपण्यासाठी कायदा केला, आणि लाकडी छापचित्राचं तंत्र पायरी-पायरीने नोंदवून ठेवायचं ठरलं. त्यासाठी दोन चित्रकार निवडले: इतो शिनसुई आणि हासुई. शिनसुईने केस बांधणारी बाई केली. हासुईला विषय निवडायचा होता. जपानभर फिरलेला, सत्तरीला आलेला हा माणूस, शेकडो देवळं, सरोवरं, गल्ल्या काढून झालेल्या. त्याने पुन्हा झोजोजीचं महाद्वार घेतलं, पुन्हा बर्फ.

'झोजोजीचा बर्फ' हे चित्र १९५३ सालचं. ४२ वेळा छपाई, म्हणजे एकेक कागद बेचाळीस वेळा त्या दोन खाचांत बसवायचा. बर्फाच्या कणांबद्दल वर जे सांगितलं ते आता बेचाळीसने गुणून बघा. रेखाटनं, ठोकळे, टप्प्याटप्प्याच्या प्रती, सगळं नोंद म्हणून राखलं गेलं.

पण चित्रात काय बदललं ते बघायला हवं. १९२५ मधली एकटी बाई आता नाही. दारासमोरच्या ट्रामथांब्यावर माणसं उभी आहेत, छत्र्या घेऊन, ट्रामची वाट बघत. दार मागे आहे, त्यांच्या दिवसाचा एक भाग झालेलं. कोणी ते बघतही नाही. दोनदा जळालेल्या शहरातली ही माणसं कामावर निघाली आहेत, उशीर होतोय, ट्राम येत नाहीये, आणि बर्फ पडतोय. पहिलं चित्र मला जास्त सुंदर वाटतं. दुसरं जास्त जवळचं वाटतं, आणि त्याच्यापुढे मी जास्त वेळ थांबतो.

हासुई नोव्हेंबर १९५७ मध्ये गेला. झोजोजीच्या मागे तोक्यो टॉवर तेव्हा चढत होता. तो पुढच्या वर्षी पुरा झाला, म्हणून आजच्या फोटोंत महाद्वारामागे दिसणारा तो लाल-पांढरा मनोरा हासुईच्या एकाही चित्रात नाही. त्याचं अखेरचं चित्र हिराइझुमी इथल्या सोनेरी देवालयाचं आहे. बर्फ, पायऱ्या, आणि देवळाकडे चढून जाणारा एक भिक्षू, पाठमोरा. ते पुरं व्हायच्या आधीच त्याने डोळे मिटले. उरलेलं काम कोरणाऱ्या आणि छापणाऱ्या हातांनी केलं आणि चित्र त्याच्या माघारी निघालं.